फाळक्याची उंची

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. मुरगूडजवळच्या एका वाडीत, हंबीररावांच्या गोठ्याशेजारी आता मी उभी असते. रंग उडाला आहे, एक दिवा फुटका आहे. पण मित्रांनो, माझे दिवस फार सुखाचे गेले.

नवी आले तेव्हा चाकांखाली लिंबं चिरडून, जोतिबाचा गुलाल लावून माझी पूजा झाली. रोज सकाळी मी वाडीचं दूध डेअरीला न्यायची. हौद्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, पाडला की बायका आपापले कॅन त्यावर ठेवायच्या. एकाच म्हशीवर घर चालवणारी झुंबरबाई तर आपल्या कॅनला कुणाला हात लावू द्यायची नाही. तिचा खरखरीत तळवा फाळक्यावर पडला की माझा दिवस सुरू व्हायचा. ते आठवलं की आजही भरून येतं.

वाडीची वाट मात्र चिखलाची. पावसाळ्यात माझी चाकं रुतायची आणि दूध नासायचं. म्हणून हंबीररावांचा मुलगा राजवर्धन मला कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन गेला. स्प्रिंगच्या पाट्यांवर ठोकळे घालून त्याने मला उंच केलं आणि तिथल्या टायरच्या दुकानातले सगळ्यात मोठे टायर निवडले. वळताना ते मडगार्डला घासू लागले, तर पठ्ठ्याने मडगार्डच कापलं. कोल्हापूरकराचा नाद तो, अर्ध्यावर कसा सुटणार? परतताना लोक थांबून बघत होते. खोटं कशाला बोलू, मीही फुगले होते.

दुसऱ्या दिवशी चिखल मी सहज पार केला. पण झुंबरबाईने कॅन उचलला आणि तो फाळक्यापर्यंत पोचेना. तिने पुन्हा जोर लावला, कॅन कलंडला आणि सगळं दूध मातीत गेलं. राजवर्धन मदतीला धावला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला.

“गाडी मोठी झाली, लेकरा. आमी हाय तेवढंच हाय,” ती म्हणाली. “म्हस इकून टाकतो की आता.”

संध्याकाळी राजवर्धन तिच्या दारात गेला, आणि सकाळी तिला शेजारी बसवून त्याने मला पुन्हा उद्यमनगरात नेलं. ठोकळे काढायला लावले. मग एकेक टायर चढवायचे, फाळका पाडायचा आणि झुंबरबाईने त्यावर कॅन ठेवून बघायचा. दुकानदाराला हसू आवरेना. बाजारात म्हैस पारखावी तशी ती प्रत्येक टायरच्या खाचेत बोट घालून बघत होती. शेवटी माझ्या मूळच्या चाकांपेक्षा जरासेच मोठे, पण खोल नक्षीचे टायर तिने पसंत केले.

“ह्याचा खूर बरा हाय,” ती म्हणाली. म्हैस घरीच राहिली.

त्या टायरांनी मला कितीतरी पावसाळे नेलं-आणलं. आता वाडीपर्यंत डांबरी रस्ता झाला आहे, डेअरीचा टेम्पो दारात येतो. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालतात.

मित्रांनो, गाडी हौसेनं सजवा, मोठे टायरही घाला. फक्त तिच्या फाळक्याशी कोण उभं राहणार आहे, ते आधी बघा. आणि ती थकली की तिला विसरू नका.

झुंबरबाईही आता थकली आहे. म्हैस नाही, कॅन नाही. तरी संध्याकाळी ती येते, फाळका पाडते आणि त्यावर बसून शेंगा फोडते. चाकांतली हवा गेल्यामुळे मी आणखी बसकी झाले आहे. वर बसायला तिला अजून कुणाचा हात लागत नाही.