घराला न लावायचे पैसे

शेवटचा साचा भरून होईपर्यंत मल्लेश मिस्त्रीनं तोंड उघडलं नाही.

भट्टी सोडायचा दिवस होता. उद्यमनगरातल्या त्या फौंड्रीत आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची, आणि लोखंड वितळून वाहायला लागलं की कुणाला मान वर करायला सवड नसायची. आकाराम आणि कृष्णात दोघं मिळून लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं दांड्याचं भांडं, उचलत होते. भट्टीच्या तोंडाशी भरायचं, साच्यापर्यंत जपून चालायचं, ओतायचं, परत फिरायचं. मिस्त्री फोन घ्यायला ऑफिसात गेला होता, तो येऊन वाळूच्या ढिगाशी नुसता उभा राहिला. आकारामला वाटलं, मागचा माल परत आला असणार. एकदोनदा नजरानजर झाली, तर मिस्त्री साच्याकडे बघायला लागला.

लॅडल खाली ठेवल्यावर तो जवळ आला.

"आकाराम, हात धू. दवाखान्यात जायचं हाय."

"का?"

"वैनी मोरीत पडल्या. सरकारी दवाखान्यात नेलंय."

"बरं हाय न्हवं?"

कृष्णातनं डोक्याला बांधलेलं फडकं सोडून हातात घेतलं, तेव्हा आकारामला कळलं.

फोन कधी आला होता, हे त्यानं पुढंही कधी विचारलं नाही. हातात लॅडल असलेल्या माणसाला असलं काही सांगत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

दवाखान्यात अंबूबाईच्या गळ्यापर्यंत चादर ओढलेली होती. कपाळावर खोक पडली होती, बाकी चेहरा नेहमीचाच. तिच्याकडं बघताना आकारामच्या मनात पहिल्यांदा भलतंच आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हिला अशी आडवी पडून डोळे मिटलेली आपण बघितलेलीच नाही.

ते खरंही होतं. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते पहाटे, तेही करंगळीएवढं. घागरी भरता भरता उजाडायचं. मग त्याचा डबा, लेकीची, प्रियदर्शनीची, शाळा, मग अंथरुणाला खिळलेली सासू. म्हातारीचं एक अंग गेलेलं होतं आणि तिला रात्रीतून तीनचार वेळा कूस बदलून द्यावी लागायची. दुपारभर पापड लाटायचे, ते लोकांचे, किलोवर. म्हातारी आठ वर्षं तशी पडून होती. ती गेली तेव्हा अंबूबाईनं खोली सारवली आणि दुसऱ्या दिवसापासून पापडाचं पीठ दुप्पट आणायला सुरुवात केली, कारण म्हातारीच्या औषधाची उधारी फिटायची होती.

पगाराच्या दिवशी दोघं समोरासमोर बसायची. भाडं, रेशन, दूध, औषधवाला, मालकाकडून घेतलेली उचल. वाटण्या करता करता पैसे संपायचे, वाटण्या संपायच्या नाहीत. स्वतःसाठी म्हणून आकाराम एक तंबाखूची पुडी घ्यायचा, आणि तीसुद्धा काढताना त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं. तिचं काय, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. तिनंही कधी काढलं नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि पुढच्या सोमवारी गल्लीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एक शांतव्वा, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची मालकीण. दुसरी भाजी विकणारी बयाबाई. सोमवारी उद्यमनगर बंद असतं आणि शांतव्वाची गिरणही, म्हणून आकाराम घरात सापडणार हे त्यांना माहीत होतं. प्रियदर्शनीनं चटई टाकली. शांतव्वानं पदराची गाठ सोडून नोटा काढल्या आणि चटईवर ठेवल्या.

"तीनशे हाईत. अंबूची भिशी लागली ह्या महिन्यात."

आकारामनं हात जोडले. बरं झालं म्हणाला. प्रियदर्शनीच्या टायपिंगच्या क्लासची फी भरायची राहिली होती, त्याला उपयोगी पडतील.

"न्हाय," शांतव्वा म्हणाली. "ते जमायचं न्हाय."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. गल्लीत मोठी भिशी होती ती वेगळी. त्या भिशीतनं कुणाचा गॅस आला, कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं, कुणाच्या दिराचं लग्न. बाईच्या हातात पैसे आले की संध्याकाळपर्यंत घर ते गिळून मोकळं. मग शांतव्वानंच ही धाकटी भिशी काढली. दहा बायका, महिन्याला तीस रुपये, आणि एकच अट. हे पैसे घराला लावायचे नाहीत. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, देवालाही नाही. आपल्याला वाटेल ते करायचं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं. घराला लावले असं निघालं तर दंड, सगळ्यांना मिसळ.

"आवो पण ती आता न्हाय," आकाराम म्हणाला.

"ती न्हाय, पर अट हाय की," बयाबाई म्हणाली. "दोन वर्सामागं माझ्या लेकाची चप्पल आणली मी ह्यातनं. तर तुमच्या बायकोनंच पयल्यांदा बोंब मारली. मिसळ घालावी लागली मला, वर पाव बी जास्त खाल्लं तिनं."

प्रियदर्शनी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. आई गेल्यापासून ती घरात पहिल्यांदा हसली होती.

आकारामनं विचारलं, अंबूबाई काय करायची तिच्या पैशांचं? बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

"पिच्चरला जायाची," शांतव्वा म्हणाली.

त्याला ते खरं वाटेना. अंबूबाईनं सिनेमाचं नाव काढलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. पण शांतव्वा सांगत गेली. तीनशे रुपयांची ती दहा महिने पुरवून पुरवून तिकिटं काढायची. महिन्यातनं एका सोमवारी, तीनचा खेळ, तेही बाल्कनीचं. आणि बैठकीत कुणी विचारलं, काय गोष्ट होती गं, तर तिला सांगता यायची नाही. हिरो कोण होता तेही धड सांगायची नाही. बायकांना संशय आला. ही पैसे घराला लावती आणि पिच्चरचं खोटं सांगती. तेव्हा छडा लावायला बयाबाईला तिच्यासोबत धाडलं.

"बसली, पदर डोक्यावरनं घेतला, आन नावं पडद्यावर पडायच्या आत झोपली," बयाबाई म्हणाली. "मारामारी झाली, गाणी झाली, ती आपली घोरतीया. मी कोपरानं ढोसलं, तर म्हनली कशी, बया, तू बघ की, मी पैसे झोपायचे दिलेत. शेवटाला लाइट लागल्यावर उठली. तोंड धुतलं आन गेली बाजाराला."

"आमी म्हटलं, बसतंय अटीत," शांतव्वा म्हणाली. "घराला काय तिची झोप लागत न्हवती."

आकाराम बराच वेळ चटईची काडी उपसत बसला. सोमवारी तो म्हातारीजवळ घरात असायचा म्हणून अंबूबाई दुपारी बाजाराला जायची. महिन्यातून एखाद्या सोमवारी तिला यायला उशीर व्हायचा, आणि आली की तोंड कसं टवटवीत असायचं. तो विचारायचा, एवढा वेळ? ती म्हणायची, गर्दी होती.

बायका गेल्यावर प्रियदर्शनीनं विषय काढला. ती बारावी झालेली, शहाणी मुलगी. टायपिंग झालं तर कोर्टात, तहसिलात कुठंतरी चिकटता येईल, असं तिचं आणि आईचं ठरलेलं होतं.

"आबा, आईलाच विचारलं असतं तर तिनं फी भर म्हणूनच सांगितलं असतं."

"व्हय. सांगितलं असतं."

"मग?"

"म्हणून तर तिला कुणी विचारायचं न्हाय असं ठरलंतं की गं. विचारलं की ती दिऊनच टाकायची."

प्रियदर्शनीला राग आला. मेलेल्या माणसाच्या झोपेसाठी जित्या माणसाची फी अडवायची, हा कुठला न्याय, असं ती बोलली आणि मोरीत जाऊन भांडी आपटू लागली. तिचं चुकत नव्हतं. आकारामलाही पुढं कित्येकदा तसंच वाटलं. तीनशे रुपये ट्रंकेत ठेवलेले आणि गॅस संपला म्हणून चार दिवस स्टोव्हवर स्वयंपाक. पत्रा गळायला लागला तेव्हा तर त्यानं नोटा हातात घेऊन दार ओलांडलं होतं. पण कोपऱ्यावर गिरण होती, गिरणीत शांतव्वा बसलेली होती, आणि तिच्यासमोरून पत्रा आणायला जायचं त्याला होईना. तो परत आला आणि पत्र्याखाली घमेलं ठेवलं.

टायपिंगची फी त्यानं मिस्त्रीकडं उचल मागून भरली. त्यापायी सोमवारीही अर्धा दिवस साचे साफ करायला जाऊ लागला. पावती लेकीच्या हातात दिली. तिनं ती पुस्तकात ठेवली आणि त्या संध्याकाळी काही न बोलता त्याचा पांढरा शर्ट तांब्यात निखारे घालून इस्त्री करून ठेवला.

"जाऊन या," म्हणाली. "आईच्या पिच्चरला."

पुढच्या सोमवारी तो गेला. साच्यांची काळी वाळू नखांतून निघाली नव्हती, म्हणून तिकिटाच्या खिडकीत हात घालताना त्यानं मूठ मिटून नोट पुढं केली. बाल्कनीचं द्या, म्हणाला. दुसऱ्याच्या गाडीत न विचारता बसल्यासारखं वाटत होतं.

आत अंधार आणि गारवा. डोक्यावर पंखे. त्यानं डोळे मिटून घेतले, पण फौंड्रीत उभ्यानं डुलकी येणारा तो माणूस, तिथं मऊ खुर्चीत त्याचे डोळे मिटून राहिनात. पडद्यावर दोन भावांची ताटातूट झाली, एक पोलिस झाला, एक चोर. आकारामनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बघितलं.

महिन्याचे तीस रुपये द्यायला तो गिरणीत गेला. अंबूबाईचे राहिलेले हप्ते पुरे करायचे होते. पिठाच्या पोत्यांवर बायका बसलेल्या, आणि तो दाराशी, एकटा पुरुष. शांतव्वा म्हणाली, अट तुम्हालाही हाय, अण्णा, सांगा. त्यानं सांगितलं. भाऊ कसे हरवले, आईनं दोघांच्या दंडावर काय गोंदलं, चोर भाऊ शेवटी कुणाच्या गोळीनं मेला. बायका मन लावून ऐकत होत्या. एकीनं तर डोळे पुसले.

गोष्ट संपल्यावर बयाबाई म्हणाली, "म्हंजे झोपला न्हाईसा."

"न्हाय लागली."

"मग वाया घालीवलंसा की पैसे."

सगळ्या हसल्या. आकारामही हसला. शांतव्वा मात्र त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, सवयीनं लागेल. एवढ्या वर्षांचा शीण हाय, एका तिकिटात कसा निघेल?

दुसऱ्या महिन्यात तो पुन्हा गेला. या वेळी बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या डोअरकीपरला त्यानं विचारलं, एक बाई यायच्या का इथं, सोमवारी, झोपणाऱ्या?

"त्या मावशी व्हय?" म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. "न्हाई कशा. कडंची खुर्ची देतो त्यांस्नी, पंख्याखालची. कुणी पोरं शिट्ट्या माराय लागली तर तिथनं उठवून लांब बसवतो. लई दमलेली बाई वं. तुमी कोण त्यांचं?"

"मालक."

"आसं आसं. लई दिस झालं, आल्या न्हाईत त्या. बऱ्या हाईत न्हवं?"

आकारामनं तोंड उघडलं. आतून गाण्याचा आवाज येत होता, मागं दोघंचौघं तिकिटं हातात धरून खोळंबले होते. म्हातारा बॅटरी खाली धरून त्याच्याकडं बघत होता.

"गावाला गेलीया," तो म्हणाला. "बिद्रीला. भावाकडं."

"जाऊ द्या, जाऊ द्या. तेवढाच आराम," म्हातारा म्हणाला आणि बॅटरीच्या उजेडात त्याला आत घेऊन गेला. पंख्याखालची कडेची खुर्ची त्यानं रिकामीच ठेवली होती. आकारामला त्याशेजारच्या खुर्चीत बसवून म्हणाला, आज ह्या बाजूला बसा, मावशींची जागा मी कुणाला देत न्हाई.

त्यानंतर आकाराम दर महिन्याला जातो. कधी डोळा लागतो, कधी नाही. लागला तर बैठकीत बायकांना गोष्ट अर्धीच सांगता येते, आणि बायका खूश होतात. प्रियदर्शनीची टायपिंगची परीक्षा झाली. पत्रा अजून गळतो. तीनशेतल्या शेवटच्या दोन तिकिटांचे पैसे ट्रंकेत आहेत.

दर वेळी म्हातारा विचारतो, मावशी आल्या का गावाहून, आणि दर वेळी आकाराम म्हणतो, येईल. त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.