फौजदार दाराबाहेर

माझा धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. त्याला चांगले डोळे लागतात, स्थिर हात लागतो आणि शांतता लागते. डोळे आणि हात मला देवाने दिले होते. शांतता बनुबाईच्या कुत्र्याने काढून घेतली.

नगरात माळीवाड्यातून आत वळलं की आमची गल्ली. इतकी अरुंद, की समोरच्या घरात फोडणी पडली की आमच्या घरात शिंका. माझं बाकडं खिडकीशी आणि खिडकीच्या बरोबर समोर सूर्यभानतात्यांची भाड्याची खोली. लढाईच्या दिवसांत तिथे श्रीमंत नावाचा पोरगा राहायला आला. कॅम्पात लष्करी मोटारींच्या वर्कशॉपात त्याला काम लागलं होतं. पुढे त्याने गावाकडून आईला आणलं आणि आईने कुत्रा आणला. आईचं नाव बनुबाई, कुत्र्याचं फौजदार.

नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे मोठं जनावर येईल, तर तसं काही नव्हतं. तांबूस रंग, बाहेर आलेल्या बरगड्या, एक कान उभा आणि एक पडलेला. समोरून मांजर आलं की हा अंग चोरून भिंतीला लागायचा आणि तिला वाट द्यायचा. त्याला फौजदार का म्हणत होते ते मी विचारलं नाही, कारण तेव्हा मला त्या कुत्र्याविषयी काहीही जाणून घ्यायचं नव्हतं.

सकाळी श्रीमंत कामावर गेला की बनुबाई दार लावून आतून कडी घालायची. फौजदार बाहेर. मग तो दाराला नाक लावून बसायचा आणि रडायचा. भुंकणं नाही, रडणं. मयताच्या घरी म्हाताऱ्या बायका सूर लावतात ना, तो सूर. मी चिमट्यात एवढासा स्क्रू धरावा, समोरून 'ऊंऽऽ' यावं आणि स्क्रू उडून जावा. आमच्या घरच्या फरशीच्या फटींत तेव्हाचे स्क्रू अजून सापडतील.

माझ्या बायकोला, मरियाला, त्या रडण्याचा त्रास होत नव्हता. तिला दया येत होती.

"आतून भाकरीचा वास येतोय आणि मुकं जनावर बाहेर उपाशी," ती म्हणाली. "कडी घालून एकटी जेवते बाई. असलं काळीज मी पाहिलं नव्हतं."

"अगं, दिलं असेल त्याला आत."

"आत कसं देईल? तो बाहेर आहे ना."

त्या दिवसापासून आमच्या रेशनच्या गव्हाची एक चपाती दुधात कुस्करून बाहेर जाऊ लागली. मला मात्र सांगण्यात आलं, की या खेपेला दुकानात गहूच कमी मिळाला.

शेजारी नूरुद्दीन टांगेवाल्याची बायको मुबारकबी. तिचं दुसरं काय चाललं असणार? ती ओढणीखाली वाडगा लपवून आणायची, त्यात हाडं, भात, कधी शेवया. एकमेकींना या दोघी काही बोलल्या नाहीत, कारण दुसऱ्याच्या कुत्र्याला खाऊ घालणं म्हणजे त्या दुसऱ्याची अब्रू काढणं. फौजदार दोन्हीकडचं खायचा, मिशा चाटायचा आणि परत दारापाशी जाऊन रडायला बसायचा. पोट भरल्यावर आवाज उलट मोठा निघायचा.

एकदा दुपारी बनुबाईने दार उघडलं. भाकरीचा काला केलेली थाळी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाली, "ये रं राजा, ये." फौजदार उंबऱ्यापर्यंत आला. दाराकडे मान तिरपी करून पाहिलं, शेपूट पायांत घातलं आणि मागे सरकत रस्त्यात जाऊन बसला. बनुबाईने कपाळाला हात लावला आणि थाळी उचलली.

"पाहिलंत?" मरिया माझ्या कानाशी म्हणाली. "दाखवते आणि देत नाही. इतका मार खाल्लाय बिचाऱ्याने, की उंबरा ओलांडायची छाती होत नाही."

आता कोणीही म्हणेल, की समोर जाऊन विचारायचं. पण तोंडावर विचारलं की ते भांडण आणि मागून बोललं की ती काळजी, असा आमच्या गल्लीचा रिवाज. आम्ही चांगली पोटभर काळजी केली आणि मग घरमालकाकडे गेलो. मला पुढे केलं होतं, कारण ताप सगळ्यांत जास्त माझ्या डोक्याला होता.

सूर्यभानतात्या गल्लीच्या टोकाला मोठ्या घरात एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलं श्रीरामपुरात व्यापारात. घराच्या दाराला नारळाएवढं कुलूप आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची एक खोड साऱ्या गल्लीला खटकायची. आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. अगदी भांडून निघालेला जावईसुद्धा दारात 'येतो' म्हणतो. तात्या मात्र कोणाच्याही घरून उठताना, लग्न असो की बारसं, "चाललो" म्हणायचे आणि चालू लागायचे. बायका मागे पुटपुटायच्या.

आमची अपेक्षा एवढीच, की तात्यांनी बाईला दोन शब्द सुनवावेत आणि कुत्र्याला वेळेवर जेवण मिळावं. तात्या आले. फौजदाराचा सूर ऐकून त्यांनी कानात बोट घातलं. दार वाजवून बनुबाईला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "बाजाराच्या दिसापोतर कुत्रं गावाला धाड. न्हाईतर खोली मोकळी कर. चाललो."

आणि चालू लागले.

बनुबाई उंबऱ्यावर खाली बसली. फौजदाराने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "गावाकडं कुनापाशी धाडू?" ती म्हणाली. "घरात कुनी न्हाई आता. मालक गेले, तवापासून ह्योच माज्या सोबतीला हाय. ह्यो गेला तर मीबी जाते. पन पोराला इथं कोन करून घालनार?"

मुबारकबीला राहवलं नाही. "एवढा जीव हाय तर खायला का घालत न्हाईस त्याला?"

"घालते की. आत यावा म्हनून थाळी आतच ठिवते, पन त्यो येतच न्हाई. आन तुमी दोघी त्याला काय काय चारता, त्ये मला दिसत न्हाई व्हय?"

मरियाने मुबारकबीकडे पाहिलं, मुबारकबीने मरियाकडे. मी गव्हाचा हिशेब मनातल्या मनात जुळवला.

"त्याला दार ठावं न्हाई," बनुबाई म्हणाली. "आमी शिंगणापूरचं."

शनिशिंगणापुरात घरांना नुसती चौकट असते, दार नसतं, राखण शनिमहाराज करतात, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. गल्लीतली निम्मी माणसं शनिवारी तिथे तेल घालून आलेली. पण गावाला दार नाही म्हणजे गावच्या कुत्र्यालाही दार माहीत नाही, एवढा पुढचा विचार कोणी केला नव्हता.

"इथं आल्याच्या दिशीच वाऱ्यानं दाराची फळी आपटली, तिच्यात ह्याचं शेपूट गावलं," ती सांगू लागली. "तवापासून दार उघडं असलं तर भ्या वाटतं आन लावलं तर मी सरले असं वाटतं. मानूस आत गेलं आन तिथं भिताड झालं, मग त्यो रडतो. दार उघडं ठिवलं असतं, पन त्या फळीला भिऊन त्यो आत यायचा न्हाई. आन पोरानं शपथ घातलीया, नगरात चोर लई, कडी काढायची न्हाई."

म्हणजे आम्ही ज्याला उपाशी समजत होतो, तो रोजचं सुतक पाळत होता. आणि आम्हीच तात्यांना बोलावून त्याच्या हद्दपारीची सोय केली होती. आता बाजाराच्या दिवसाच्या आत कुत्र्याला दार शिकवायचं, असं ठरलं.

यंत्रातलं कळतं म्हणून पहिला धडा मी दिला. बिजागरी दाखवली. दार उघडलं, लावलं, परत उघडलं. "हे बघ, ही फळी. ही फिरते. माणूस कुठे जात नाही." फौजदाराने सगळा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जांभई दिली.

मग मुबारकबी आत गेली आणि दार लावलं. फौजदाराने लगेच सूर लावला. ती बाहेर आली, तेव्हा तो तिच्याभोवती असा नाचला, की जणू ती कबरीतून उठून आली होती. मुबारकबीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अल्ला, आमचे हे टांगा घेऊन सांजच्याला येतात, तर घोड्याला पाणी पाज एवढंच बोलतात," ती म्हणाली.

झालं. मग मरिया आत गेली. मग बांगड्या विकणारी बायडाबाई. प्रत्येकाला एकदा मरून पाहायचं होतं. आत जायचं, कडी घालायची, आपल्यासाठी कोणी रडतंय ते ऐकायचं, बाहेर यायचं आणि तोंड चाटून घ्यायचं. शेजारच्या गल्लीतली माणसं यायला लागली. बायडाबाई परत रांगेत उभी राहिली, तेव्हा माझं डोकं फिरलं. "ही शाळा आहे, जत्रा नाही," मी ओरडलो. "तो काही शिकत नाहीये आणि त्याचा घसा बसत चाललाय."

"तुम्ही गेलात का आत?" मरियाने विचारलं.

मी नुसती पाहणी म्हणून गेलो. दार लावलं. अंधार झाला, चुलीच्या राखेचा वास आला आणि बाहेर फौजदार सुरू झाला. खरं सांगतो, मला लगेच कडी काढवेना. इतके दिवस मी खिडकीतून त्याला शिव्या दिल्या होत्या आणि तो माझ्यासाठीही तेवढाच रडत होता. बाहेर आलो तेव्हा डोळ्यांत धूर गेला म्हणालो. चूल विझलेली आहे, असं बनुबाईने सगळ्यांदेखत सांगितलं.

बाजाराचा दिवस उजाडला. कुत्रा काही म्हणता काही शिकला नव्हता. बनुबाईने गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि श्रीमंतला तिने काही सांगितलंच नव्हतं, तो नेहमीसारखा कामावर गेला होता. फौजदाराच्या गळ्यात सुतळी बांधून ती उंबऱ्यावर बसली होती. तात्या आले. आम्ही सगळे एकदम सांगायला लागलो, की कुत्रा भाकरीसाठी नाही, आत गेलेल्या माणसासाठी रडतो.

"बास," तात्या म्हणाले. "कुत्र्याला भाकरी कळती, मानूस कळत न्हाई. तुमी समदी त्याला चारता, म्हनून तुमच्यासाठी रडतो. मी त्याला कधी तुकडा टाकला न्हाई. मी आत जातो. रडला न्हाई, तर तुमचं समदं खोटं आन ह्यो आजच्या आज गावाला. चाललो."

आत जाऊन त्यांनी दार लावलं, कडी घातली.

फौजदार बसला होता तसाच बसला. दाराकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. मागच्या पायाने मान खाजवली. बनुबाईने सुतळीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि मला तिच्याकडे बघवेना. मुबारकबीचे ओठ हलत होते, मरियाचेही. दोघी वेगवेगळ्या नावांनी एकच गोष्ट मागत असणार.

मग त्याचा उभा कान हळूहळू खाली आला. तो उठला, दाराच्या फटीला नाक लावलं आणि बसक्या घशाने त्याने सुरू केलं. आधी बारीक. नंतर असं, की बायडाबाईच्या हातातली बांगड्यांची माळ किणकिणू लागली.

तात्या बाहेर येईनात. आम्ही वाट पाहिली. "तात्या, बरे आहात ना?" मी हाक मारली. बराच वेळ तात्या आत आणि फौजदार बाहेर, असंच चाललं. शेवटी कडी निघाली. तात्यांच्या फेट्याचं टोक ओलं झालेलं होतं. फौजदाराने दोन्ही पाय त्यांच्या पांढऱ्या धोतरावर ठेवले आणि तात्यांनी ते ठेवू दिले.

"कृपादान," ते मला म्हणाले, "पेचकस हाय का तुज्याकडं? ह्ये दार काढायचं हाय."

माझ्याकडचा सगळ्यांत मोठा पेचकस करंगळीएवढा. शेवटी नूरुद्दीनने टांग्याच्या पेटीतली अवजारं आणली आणि गंजलेल्या बिजागऱ्या तोडून फळी खाली घेतली. फौजदाराने चौकट हुंगली. इकडून हुंगली, तिकडून हुंगली. मग उंबरा ओलांडून थेट थाळीपाशी गेला आणि काला खाऊ लागला. बनुबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून तिथेच जमिनीवर बसून राहिली.

संध्याकाळी श्रीमंत आला आणि गल्लीत उभा राहून बोंबलू लागला, की चोरांनी दारसुद्धा सोडलं नाही. त्याची समजूत घालायला पुष्कळ वेळ लागला. घराची राखण कोण करणार, असं त्याने विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून माझा एक डोळा घड्याळात आणि एक समोरच्या चौकटीत. काम निम्म्यावर आलं. मी रोज कुरकुर करतो, पण बाकडं हलवलेलं नाही.

काढलेली फळी दगडांवर टाकून चौकटीशेजारी बाक केला. दिवस कलला की तात्या त्यावर येऊन बसायला लागले. भाडेकरू नीट राहतात की नाही ते बघायला येतो, असं सांगायचे. फौजदार त्यांच्या जोड्यावर हनुवटी टेकून पडायचा. बनुबाई चहा द्यायची. दिवेलागणीला तात्या उठायचे, कमरेचा जुडगा चाचपायचे आणि त्या मोठ्या कुलपाच्या दिशेने निघायचे. दोन पावलं जातात न जातात तोच मागे फौजदाराच्या घशात बारीक 'ऊं' सुरू व्हायचं.

तात्या थांबायचे, मागे वळायचे आणि म्हणायचे, "येतो रं, फौजदार. येतो."