विठ्ठलवाडीची गुळाची गोळी

छप्पन्न सालच्या त्या रविवारी विठ्ठलवाडीच्या आमराईत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध नीलकंठबाबा, पुढ्यात गुळाच्या गोळ्यांचं ताट.

"शंकरानं विष गिळलं, मी तुमचं उपसतो! गोळी गिळायची, चावायची नाही. सकाळी रोग निळा होऊन लघवीवाटे बाहेर पडेल!"

आणि खरंच निळं पडत होतं! लोक शपथेवर सांगत होते. चमत्कारावाचून नमस्कार नाही म्हणतात, इथे तर नमस्कारांची रांग लागली होती.

कल्याणच्या चाळीतल्या धोंडीबाला शेजारचे हरिहरपंत हाताला धरून घेऊन आले होते. धोंडीबा वीस वर्षं कापड गिरणीच्या रंगखात्यात. महिन्यापूर्वी लघवीतून रक्त जायला लागलं, दुखलं मात्र काहीच नाही. डॉक्टर वासंतीबाईंनी मुंबईला पाठवून दुर्बिणीनं तपासून घेतलं. मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली.

"लहान आहे तोवर हल्ली नळीतूनच जाळतात, पोट फाडत नाहीत. वाढली तर अख्खी लघवीची पिशवी काढायची पाळी येईल," बाई म्हणाल्या होत्या. गुरुवारची तारीखही मिळाली होती. पण ऑपरेशनची धोंडीबाला भारी धास्ती. त्यात चार दिवस रक्तही थांबलेलं. गोळी लागू पडली तर गुरुवारी जायचंच नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

बाबांनी गोळ्यांची पुडी दिली. "फक्त रोग्यानंच घ्यायची!"

पण प्रसाद एकट्यानं खाणं रंगूबाईला, धोंडीबाच्या बायकोला, जमणार कसं? तिनं चाळीत घरोघरी एकेक गोळी वाटली.

सोमवारी सकाळी संडासापुढची रांग भलतीच गप्प होती. जो बाहेर येई तो मान खाली घालून घर गाठी. धोंडीबा मात्र हरखून बाहेर आला. निळंशार! समोर हरिहरपंत उभे.

"धोंडीबा, कुणाला सांगू नकोस रे. मलाही झालाय!"

"काय झालंय, पंत?"

"तुझा रोग! सगळं निळं!"

मागून चाळीतला मारुती पैलवान रडकुंडीला आला. "पंत, माझंबी तसंच हाय!"

धोंडीबा चमकला. ज्यांना रोगच नाही, त्यांचा कुठला रोग बाहेर पडला? घरात जाऊन त्यानं उरलेली गोळी फोडली, ओली करून पांढऱ्या फडक्यावर घासली. नव्या रंगाची छटा तो रोज अशीच पाहायचा. फडकं निळं झालं.

"अगं, हा तर रंग! वीस वर्षं रंगात हात घालतोय, आणि मलाच कळू नये?"

दवाखान्यात ते फडकं पाहून वासंतीबाई हसल्या. "हा रंग निरोग्याच्याही लघवीत उतरतो."

"पण बाई, रक्त थांबलं की!"

"या आजारात ते आपोआप थांबतं, पुन्हा येतं. गाठ जागच्या जागीच असते. आणि आता आलं, तरी या निळ्यात तुम्हाला दिसणार कसं?"

धोंडीबाला भीती आता सुरीची नव्हती, गुरुवार चुकण्याची होती.

संध्याकाळी अख्खी चाळ आमराईत हजर झाली. धोंडीबा म्हणाला, "बाबा, एक गोळी तुम्ही घ्या. तुम्हाला रोग नाही, म्हंजी सकाळी निळं व्हायचं नाही. आमी हितंच बसतो."

बाबांना एकाएकी समाधीची वेळ आठवली. ते झाडीत गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

गुरुवारी गाठ नळीतूनच जाळली. ती परत येऊ शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बिणीला जायचं ठरलं. धोंडीबा आता न घाबरता जाऊ लागला, सोबतीला हरिहरपंत डबा घेऊन.

वाचकहो, कुणी चमत्काराचं औषध दिलं, तर आधी एकच विचारा: निरोग्यानं ते घेतलं तर काय होतं? आणि लघवीत रक्त दिसलं तर ते थांबलं म्हणून गप्प बसू नका. दवाखाना गाठा.