सेन्सर खोटे बोलत नव्हता

गाडीच्या पोटातले सारे कळते, पण बोलता मात्र येत नाही, असा मी एक जुना स्कॅनर आहे. कारखान्यातून निघालो तो थेट फिलिपिन्समधल्या बागिओच्या डोंगरात, तेओफिलो यांच्या गॅरेजात आलो. मित्रांनो, पूर्वी माझा पडदा पाहायला शेजारचे मेकॅनिक गर्दी करीत. मग फोनला जोडायची स्वस्त यंत्रे निघाली आणि मी ग्रीसच्या डब्यामागे गेलो.

एका थंड सकाळी अकराच्या सुमारास एलिसेओ आपली शाळेची व्हॅन घेऊन आला. इंजिनाची पिवळी बत्ती जळत होती आणि तिच्यावर त्याने बाळ येशूचे चित्र चिकटवले होते.

“आदिंग, देवाला बत्ती झाकायला बसवलंस होय?” तेओफिलो म्हणाले. इकडे धाकट्याला आदिंग आणि थोरल्याला मानोंग म्हणतात.

“मग काय करू, मानोंग? फोनवाल्याकडून तीनदा पुसून घेतली, तरी येतेच. तुम्ही घालवा तेवढी. साडेअकराला अकरा पोरं आणायचीत.”

तेओफिलोंनी मला व्हॅनला जोडले. मी दोष दाखवला: ऑक्सिजन सेन्सर.

“झालं तर! नवा सेन्सर टाका.”

“मोजल्याशिवाय मी काही बदलत नाही.”

धुरात हवा किती उरली आहे, हे तो सेन्सर सांगतो. निरोगी इंजिनात त्याचा आकडा एक दशांश ते नऊ दशांश व्होल्टच्या मध्ये सतत नाचतो. येथे तो एक दशांशावर थिजला होता. म्हणजे धुरात हवा फार. आणि ते खरे मानून इंजिन पेट्रोल ओतत सुटले होते. तेओफिलोंनी हवेच्या नळीत थोडा स्वयंपाकाचा गॅस सोडला. माझा आकडा टुणकन आठ दशांशावर उडाला. सेन्सर जिवंत होता! मग ही हवा येत होती कुठून?

मला उत्तराचा अंदाज आला होता. पण मला तोंड कुठे आहे?

“कशाला एवढा घोळ?” एलिसेओ हसला. “गाडी गुणी आहे हो माझी. काचा लावल्या की पोरं अशी गाढ झोपतात! काल त्यांतल्या सगळ्यात धाकटीला तर उचलून उतरवावं लागलं.”

तेओफिलोंचा हात थांबला. त्यांनी इंजिन बंद केले, किल्ली खिशात टाकली आणि टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले. सेन्सरच्या अलीकडेच धुराच्या नळीला काळी पडलेली भेग होती. तिच्या वर, व्हॅनच्या तळाला, नाण्याएवढे भोक होते.

“इथून हवा आत जाते आणि विषारी धूर वर, पोरांच्या नाकात.”

एलिसेओचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, “एकच फेरी, मानोंग. काचा उघड्या ठेवतो. द्या किल्ली.”

“नाही.”

“पोरं शाळेच्या दारात ताटकळत उभी राहतील!”

“उभी राहतील म्हणजे शुद्धीत असतील.”

पोरांना आणायला त्यांनी शेजारची जीपनी, म्हणजे लांबोळकी प्रवासी जीप, बोलावून दिली. एलिसेओ चढता चढता थबकला. “आईबापांना काय सांगू? माझा धंदा बुडेल.”

“खरं ते सांग. आणि सगळ्यांना डॉक्टरकडे न्यायला सांग.”

संध्याकाळपर्यंत मी टेबलावर तसाच पडून होतो. अखेर एलिसेओ परतला. टोपी हातात होती.

“पोरं ठीक आहेत. तीन घरांनी मात्र आपली पोरं माझ्या गाडीतून काढून घेतली. धाकटीची आई म्हणाली, रोज हिचं डोकं दुखायचं. आम्हाला वाटलं, शाळेचा कंटाळा.” एवढे बोलून तो गाडीखाली शिरला आणि नळीचे गंजलेले बोल्ट स्वतःच सोडवू लागला.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा, असे मी मागत नाही. पण गाडीने इशारा दिला, तर तो झाकू नका, मिटवू नका. तो का दिला, ते आधी शोधा. आणि बंद काचांच्या गाडीत कोणी अवेळी पेंगू लागले, तर काचा उघडा, गाडी थांबवा आणि त्याला नावाने हाक मारा.