अप्पांची साक्ष

सकाळी आठला शिवयोगी अप्पांना कोर्टात न्यायला घरी आला, तर खुंटीवर अप्पांची टोपी नव्हती आणि उंबऱ्यापाशी चपलाही नव्हत्या. अव्वा, त्याची आई ईरम्मा, चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, तेव्हाच त्याला कळायचं ते कळलं.

"अण्णा घेऊन गेला न्हवं?"

"अक्कलकोटला गेलेत," ईरम्मा म्हणाली. "साक्षीच्या आधी अप्पांना स्वामींच्या पाया पाडून आणतो म्हणाला. बापलेक देवाला निघाले, तर मी काय आडवी पडू?"

"अव्वा, बाराच्या आत अप्पा कोर्टात पायजेत!"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिचे दोन लेक एकमेकांच्या विरोधात उभे होते आणि तिनं कुणाची बाजू घ्यायची, हे वर्षभरात कुणीच तिला सांगितलं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी टॉवेलच्या एका कारखान्यात आग लागली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, म्हणून आतले तिघं गुदमरून मेले. त्यातला नंदू हा शिवयोगीचा जिवाभावाचा मित्र. दोघं वायरमनचं काम एकत्रच शिकलेले. कुलूप घालायला लावणारा सुपरवायझर होता प्रभुलिंग, शिवयोगीचा थोरला भाऊ, अण्णा. आणि त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते तिप्पण्णा, दोघांचे अप्पा.

तेव्हापासून शिवयोगी पुरावा शोधत होता आणि अण्णा एक पाऊल पुढंच असायचा. गेटचं रजिस्टर गायब झालं. कॅमेऱ्याचं मशीन भंगारात सापडलं, पण आतून रिकामं. कुलूप पाहिलेला एक कामगार रातोरात कर्नाटकात गावी निघून गेला. उरले एकटे अप्पा. त्यांनी पोलिसांना खरं ते सांगितलं होतं आणि थोरला लेक आरोपी झाला तरी शब्द फिरवला नव्हता.

शिवयोगीनं मोटरसायकल अशी पिटाळली की वाटेतलं वळसंग कधी मागं पडलं ते त्याला कळलंच नाही. दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा अण्णानं कट केला. अप्पांना सीमेपलीकडं मावशीकडं नेऊन ठेवलं असेल, तर? मग शोधत बसा महिनाभर.

पण मठाबाहेर, हाराच्या दुकानाशेजारी, दोघंही बाकड्यावर बसले होते. अप्पांच्या मांडीवर प्रसादाचा पुडा होता. तो सोडलेला नव्हता.

"आलास बे?" प्रभुलिंग हसला. "ने की. मी कुटं धरून ठेवलंय? मी बी येतो मागनं गाडीत. आरोपी हाय की मी."

त्यानं स्वतःच्या हातानं अप्पांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावून दिला. शिवयोगीला तिथंच शंका यायला हवी होती. पण आयुष्यात पहिल्यांदा अण्णाच्या हातातून काहीतरी आपण हिसकावून आणतोय, या आनंदात त्याला काही सुचलं नाही. वाटेत तो मोठमोठ्यानं बोलत राहिला. अप्पा मागं गप्प होते. वाऱ्यामुळं ऐकू येत नसेल, असं त्याला वाटलं.

साडेअकराला ते कोर्टात पोचले. मागच्या बाकावर नंदूची बायको सरोजिनी बसली होती. अप्पांना पाहून तिनं हात जोडले.

सरकारी वकील बाईंनी विचारलं, "आगीच्या वेळी मागच्या दाराला कुलूप होतं का?"

"न्हाय," अप्पा म्हणाले. "दार उगडं होतं."

बाईंनी कागदातून मान वर काढली. "पोलिसांना तर कुलूप होतं असं सांगितलंत."

"तवा घाबरलोतो. काय बोललो ते ध्यानात न्हाय."

बाईंनी साक्षीदार फितूर झाल्याचं कोर्टाला सांगितलं आणि अर्धा तास उलटतपासणी घेतली. अप्पा खांबासारखे उभे राहिले. दार उघडं होतं, यापलीकडं एक अक्षर नाही. शिवयोगीनं अण्णाकडं पाहिलं. तो मान खाली घालून ऐकत होता, दुखवट्याला आल्यासारखा.

बाहेर नळापाशी शिवयोगीनं बापाला गाठलं. "अप्पा, का? तीन माणसं मेली!"

"हळू बोल." अप्पांचे ओठ कोरडे पडले होते. "त्यानं मला कागद दाखवला. वायरिंग तपासली, सगळं ठीक हाय, आसं लिवलंय आन् खाली तुजी सही. कुलूप होतं म्हणालो, तर तो तेवडा कागद पुडं करणार. मग आग तुज्यामुळं लागली म्हणून तुला बी धरतील."

"मी त्या कारखान्यात पाय ठेवला न्हाय कदी! सही खोटी हाय, अप्पा. शाळेत आमच्या दोघांच्या प्रगतिपुस्तकावर तुमची सही कोण करत होतं? अण्णाच करत होता!"

कुठला लेक खरा बोलतोय, हे अप्पांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना ठरवता येत नव्हतं.

"आता कुटं सांगतोस रे?" ते म्हणाले. "एक लेक द्यायची तयारी केलती मी. दोन्ही कसं देऊ?"

तेवढ्यात प्रभुलिंगची गाडी शेजारी येऊन थांबली. "अप्पा, चला. ऊन लई झालंय." अप्पा मुकाट्यानं आत बसले. काच वर करताना प्रभुलिंग धाकट्याला म्हणाला, "बरं झालं तू आलास. माज्याबरोबर आले असते, तर लोक म्हणाले असते, पढवून आणलं."

शिवयोगीनं काचेवर मूठ आपटली. गाडी निघून गेली, दुखला तो त्याचाच हात.

अप्पांना परत बोलावता येईल का, असं त्यानं वकील बाईंना विचारलं. "अर्ज करता येईल," त्या म्हणाल्या. "पण ते दबावाखाली बोलले, हे दाखवायला काहीतरी हवं. तो कागद आणा." कागद अण्णाच्या खिशात. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

पायऱ्यांवर सरोजिनी थांबली होती. ती रडली नाही, ओरडली नाही.

"भावजी, त्यांना तुमीच आणलं ना?"

"व्हय," शिवयोगी म्हणाला. "मीच आणलं."

तिनं पदर खोचला आणि रिक्षा स्टँडकडं चालू लागली. तिच्या मागं जावं की अण्णाच्या, हे न ठरवता आल्यानं तो तिथंच उभा राहिला.