काजाएवढी खिडकी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, बैठकीच्या खोलीचा. माझ्या अंगावर पोपट छापलेले आहेत. छापणाऱ्यानं पोपट कधी पाहिला नसावा, कारण प्रत्येकाला कोंबडीचे पाय आहेत. मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पडद्यानं तोंड उघडलं की घराची अब्रू जाते.

मला विकत आणलं ते त्या घरच्या सूनबाईंनी. त्या शिलाईकाम करतात. बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात त्यांचं मशीन आणि रस्त्याकडच्या खिडकीला मी. माझं काम एकच, समोरच्या काकूंपासून घर लपवणं. ते मी इतकं चोख केलं की काकूंची मान वीतभर लांब झाली, असं घरात म्हणतात.

मग उभ्या पट्ट्यांचे नवे पडदे आले आणि माझे दिवस फिरले. आधी मी स्कूटरवर पडलो, मग कोळशाच्या पोत्यावर. एकदा सूनबाईंचे यजमान मला चिमटीत धरून म्हणाले, "पोतेऱ्याला बरा आहे हा." मित्रांनो, आम्हा कापडांत हा शब्द लहान रुमालांसमोर उच्चारत नाहीत.

मला वाचवलं सासरेबुवांच्या डोळ्यांनी.

सासरेबुवा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांची बस रोज नदीच्या पुलावरून जायची. पुलाखालच्या वळणावर पाणमांजरं राहतात. ती दिसली की सगळे प्रवासी एकाच बाजूच्या खिडक्यांना लोंबायचे आणि बस त्या अंगाला कलायची. सासरेबुवांनी मात्र नोकरीभर समोरचा रस्ता पाहिला. "पाणमांजर मला कमरेत कळतं," ते सांगायचे, "डोळ्यांना नाही." निवृत्त झाल्यावर निवांत बघू म्हणाले, तर डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर कडेकडून मिटत चालली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, गेलेली परत यायची नाही आणि उरलेली किती टिकेल याचा नेम नाही.

"काय बघायचं राहिलंय, बाबा?" सूनबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं, समुद्र म्हणतील.

"पाणमांजर."

"बस्स?"

"बसमधून नाही ना दिसलं."

त्याच दुपारी मला पोत्यावरून उचललं. कपडे वाळत घालायची घडीची चौकट उभी केली आणि तिच्यावर मला पांघरलं, तेही उलटं. नदीकाठी आत लपून प्राणी बघायचं हे लपण. माझी खिडकीकडची बाजू उन्हानं विटून नदीकाठच्या चिखलासारखी झाली होती. विटल्याबद्दल कौतुक झालेला मी पहिलाच पडदा असेन.

"पोपट बाहेर ठेव की," यजमान म्हणाले. "जंगल वाटेल."

"त्यांचे पाय बघून पाणमांजरं हसत बसतील," सूनबाई म्हणाल्या.

सासरेबुवा म्हणाले, "बघायला समोर एक काज ठेव, सूनबाई." त्यांना म्हणायचं होतं, एखादी फट. पण शिवणाऱ्या माणसाला काज म्हणजे काजच. सूनबाईंनी मला कोटाला शोभेलसं काज केलं, कडेनं दाट टाके घातले आणि हाताच्या सवयीनं शेजारी बटणही लावून टाकलं.

यजमान पोट धरून हसले. "तंबू शिवलास की सदरा? खिसा पण लाव एक."

सूनबाईंनी जीभ चावली आणि कात्री उचलली. "थांबा बाबा, मोठं करून देते."

सासरेबुवांनी वाकून काजाला डोळा लावला. मग म्हणाले, "राहू दे. माझी नजर आता एवढीच उरलीय. मापात आहे."

कात्री खाली गेली.

मला वळणावर नेऊन उभं केलं, वारा नदीकडून आमच्याकडे येईल असं, म्हणजे माणसाचा वास पाण्याकडे जायला नको. अंगावर लव्हाळं खोवलं आणि काही दिवस एकट्याला सोडून दिलं, प्राण्यांना माझी सवय व्हावी म्हणून. एक बेडूक माझ्यात राहायला आला. भाडं द्यायचं नाव नाही, पण स्वभावानं बरा होता.

मग एका सकाळी सासू-सासऱ्यांची नव्हे, सून-सासऱ्याची जोडी आत शिरली आणि सूनबाई तेवढ्या बाहेर पडून निघून गेल्या. दोघं आत गेली, एक बाहेर आलं, म्हणजे लपण रिकामं, असं प्राणी समजतात म्हणे. वजाबाकी आली असती तर माझी काही धडगत नव्हती.

पाण्यात बुडबुडे उठले. एक डोकं वर येणार, तेवढ्यात पुलावर बस गुरगुरली आणि सासरेबुवांच्या तोंडून खणखणीत निघून गेलं, "अरे, क्लचवरचा पाय काढ!"

बुडबुडे गेले. पुढचे कित्येक दिवस पाणी कोरंच राहिलं आणि सासरेबुवा काजाला डोळा लावून पुन्हा पुन्हा चष्मा पुसत राहिले. पुसून काही उपयोग नव्हता. पुलाचा कठडासुद्धा आता त्यांना धुरकट दिसत होता.

शेवटी सूनबाईंनी माझं बटण कापून त्यांच्या हातावर ठेवलं. "हे दातांत धरा, बाबा. तोंडात बटण असलं की बोलता येत नाही. माझा रोजचा अनुभव आहे."

दुसऱ्या सकाळी पुन्हा बस गुरगुरली. बटण करकरलं, पण सासरेबुवा गप्प राहिले. आणि पाणमांजर वर आलं. ओलं, मिशाळ, तोंडात मासा. आमच्यासमोर बसून त्यानं तो डोक्याकडून कुरकुर खाल्ला. मग ते सरळ माझ्याकडे आलं, माझी किनार हुंगली, माझ्यावर मुतलं आणि काजाला डोळा लावून आत बघितलं.

आतून एक डोळा, बाहेरून एक डोळा, मध्ये मी. सासरेबुवांचा उजवा पाय चिखलात ब्रेकसारखा रुतला. पाणमांजर शिट्टी मारून डाव्या हाताला निघालं, तसे सासरेबुवा त्याच्यामागे डावीकडे झुकले, त्यांच्याबरोबर चौकट झुकली, मी झुकलो, बेडूक झुकला. अख्खी गाडी कलली.

आता सासरेबुवांना दिसत नाही. तरी दोघं येतात. काजाला सूनबाई डोळा लावतात. सांगायची गरज पडत नाही. शिट्टी ऐकू आली की सूनबाई ज्या बाजूला कलतात, तिकडे सासरेबुवाही कलतात, दातांत बटण धरून, हसत.

म्हणून सांगतो, मित्रांनो, घरातला जुना पडदा बादलीत टाकण्याआधी एकदा उलटा करून बघा. आणि नदीकाठी कुठे लपण दिसलं तर त्याला हलवू नका. आत कुणाचं तरी बघायचं राहिलेलं असतं.

माझं म्हणाल तर मी सुखात आहे. पोटाला भोक पडलं, वास येतो, बेडकाचं कुटुंब वाढलं. पण काम काय, सगळ्यांनाच मिळतं. मला काजही मिळालं.