सुपारीच्या खोलीतलं थेटर

आमच्या घरात उघडीवाघडी वस्तू सापडणार नाही. मिक्सरला झबलं आहे, टीव्हीला भरतकामाचा पडदा, शिलाई मशीनला खोळ, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. मुंबईचे पाहुणे हसतात. हसू देत. केळव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उघडी ठेवलेली कात्री वर्षभरात अशी गंजते की तिची पाती वेगळी करायला दोन माणसं लागतात. ते कोण करणार, पाहुणे?

त्यामुळे आमच्या ह्यांनी ती सिनेमाची पेटी आणली तेव्हा मी तिलाही खोळ शिवली. त्यात खोडसाळपणा नव्हता. खोडसाळपणा मी नंतर केला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

आमचे हे, म्हणजे दिनानाथ, बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वाडीतल्या दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देऊ लागले. इथवर ठीक होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं की पाहुणा दिवसभर समुद्रावर जातो, संध्याकाळी करणार काय? तर त्याला थेटर पाहिजे. थेटरला अंधारी, थंड खोली पाहिजे. अशी खोली घरात एकच, सुपारीची. म्हणजे माझी.

दुपारी जेवणं आटोपली की मी तिथे सुपारी सोलायला बसायची. मासवणची बुधी हंगामात केळव्याला लेकीकडे राहायला येते, ती यायची. हाताने साल फोडायची आणि तोंडाने गावातल्या एकेकाला सोलायचं, असा आमचा कार्यक्रम. बुधी मधेच गाणं म्हणायची. दिवसातले तेवढे दोन-तीन तास माझे स्वतःचे होते. ह्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. मी देवळातून आले तर पोती पडवीत आणि खोलीत सोफा! बुधी दारात उभी राहून सोफ्याकडे बघत होती.

"आता काम नाय ना, बाय?" तिने विचारलं.

ह्यांनी परस्पर सांगून टाकलं, "यंदा सालासकट इकायची सुपारी. कटकटच नको." बुधीने पदर खोचला आणि गेली. मी त्या दिवशी ह्यांच्या आमटीत मीठ घातलं नाही.

पेटी बसवायला बोईसरहून केदार आला. केदार हा ह्यांचा पुतण्या, त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मुलगा हुशार आणि बोलका, त्यामुळे मला नको असताना सगळं समजलं. पेटी म्हणजे छोटा कॉम्प्युटर, सिनेमा तिच्यातून निघतो आणि छताचा प्रोजेक्टर त्याचं चित्र समोरच्या भिंतीवर पाडतो. सिनेमाची चित्रं सेकंदाला चोवीस येतात आणि प्रोजेक्टर साठदा लुकलुकतो, त्या दोघांची चाल जुळवली नाही की चित्र हिसके देतं. ते त्याने जुळवलं. "वायफायवर ठेवू नका, काका, भिती जाड हायत," म्हणून राउटरपासून तार ओढली. व्हिडिओ उलगडायचं काम कुठल्या चिपने करायचं तेही ठरवून दिलं. मग सिनेमा लावला. खोटं कशाला बोलू, तुपासारखा चालला. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सिनेमाचा शोध ह्यांनीच लावला.

दुसऱ्या दिवशी मी खोळ शिवली. जुन्या नऊवारीच्या चार घड्या, आत अस्तर, तारांपुरती भोकं, म्हणजे पेटी चालू असतानाही अंगावर राहावी. संध्याकाळी हे सिनेमा बघायला बसले. थोडा वेळ बरा गेला आणि मग नायक धावता धावता एका पायावर थांबला. थांबला, चार पावलं गेला, परत थांबला. आवाज मात्र पुढे निघून गेला होता.

"केदार! तुजी पेटी धापा टाकते!" ह्यांनी फोनवर गाव गोळा केलं.

केदार दुसऱ्या दिवशी आला. घरचा असला तरी पाहुणा, आणि पाहुणा आला की वस्तूंच्या खोळी काढायच्या, ही आमच्याकडची रीत. मी पेटीची खोळ काढून दोरीवर टाकली. केदारने तासभर सिनेमा चालवून बघितला. एक हिसका नाही. कोलंबीचा भात खाऊन तो गेला, मी पेटीला खोळ घातली, आणि रात्रीच्या जेवणाआधी नायक पुन्हा एका पायावर.

असं आणखी एकदा झालं. तेव्हा हे बाहेर फोनवर ओरडत असताना मी सहज खोळीखाली हात घातला आणि चटकन बाहेर काढला. पेटी नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखी तापली होती. वारा नाही, श्वास नाही, बिचारी दम खात होती! मला सगळं लख्ख कळलं. कोणीही शहाणी बाई खोळ काढून हसली असती. मी आत गेले आणि खोळीला आणखी एक अस्तर लावलं. छान फुलाफुलांचं.

ह्यांचं थेटर रोज संध्याकाळी अडकू लागलं. आश्चर्य म्हणजे हे हळूहळू गप्प झाले. केदारचा फोन आला की अंगणात जाऊन बोलायचे. दुपारी आरामखुर्चीत पडायचे, कूस बदलायचे, उठून पाणी प्यायचे. थंडी पडली होती तरी त्यांची कानटोपी दिसत नव्हती. विचारलं तर म्हणाले, "हरवली. तुला काय करायचं हाय?"

मग एके दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं. "हे बघ जयवंती. शनवारी पाव्हणे येतात. त्यांच्यासमोर शिनेमा एकदा जरी अडकला, तर खोली तुजी. नाय अडकला, तर परत सुपारीचं नाव काढायचं नाय."

"शब्द?"

"शब्द."

माझ्या मनात इतक्या उकळ्या फुटल्या की मी त्यांना आग्रहाने आणखी भात वाढला.

शनिवारी बोरिवलीचं कुटुंब आलं, आईवडील आणि दोन मुली. केदारही आला. आणि त्याच्या मागोमाग बुधी. ठेवणीतलं लुगडं नेसून.

"तुला कोणी बोलावलं?" मी विचारलं.

"शेठनी. मना बोलला, तुजा शिनेमा हाय."

मी काही विचारायच्या आत ह्यांनी दिवे मालवले. रीत मोडून मी पेटीवर खोळ तशीच ठेवली होती, आणि ह्यांनी ती पेटी दुपारपासूनच चालू करून ठेवली होती. मला वाटलं, मूर्ख आहेत, माझंच काम सोपं करतात.

भिंतीवर आमची वाडी आली. पानवेली, माडाचे शेंडे, विहीर. ह्यांनी मोबाईलवर कधी कधी काढलेले तुकडे केदारने जोडून दिले होते. मग ही खोलीच आली, सोफ्याआधीची. सुपारीचा ढीग, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बुधी. मला पत्ताच नाही की कोणी दारातून असं बघत होतं. पडद्यावर मी कशाला तरी पोट धरून हसत होते. स्वतःला इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. बुधीने गाणं म्हणायला तोंड उघडलं, आणि चित्र अडकलं.

जिंकले! खोली माझी!

पण बुधी सोफ्याच्या टोकाला येऊन बसली होती, पडद्यावरच्या स्वतःच्या उघड्या तोंडाकडे बघत. गाणं कधी सुरू होतंय याची वाट बघत. चित्र थोडं हललं, परत थांबलं. बोरिवलीच्या धाकट्या मुलीला हसू आलं. बुधीने मान खाली घातली.

मला बसवेना. जाऊ दे ती खोली खड्ड्यात. मी उठले, पेटीपाशी गेले आणि सगळ्यांदेखत खोळ ओढून काढली.

खोळीच्या आत पेटीला कानटोपी घातलेली होती. ह्यांची. तपकिरी, गोंड्याची, हवेच्या जाळीवर कानापर्यंत नीट ओढून बसवलेली.

मी टोपी काढली. हवा लागली तशी पेटी हळूहळू शुद्धीवर आली, आणि बुधीचं गाणं खोलीभर झालं, एक हिसका न देता. बुधी तोंडावर पदर घेऊन बघत राहिली. केदार मात्र कपाळाला हात लावून बसला होता.

"काका, मी आठ दिवसांपूर्वी फोनवर सांगितलं होतं ना, पेटी तापते, वर काय ठेवू नका!"

मी टोपी ह्यांच्यासमोर धरली. "तुमाला म्हाईत होतं?"

"तुजी खोळ पातळ होती," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "अर्धा अर्धा तास काय व्हायचं नाय. शनवारी नसतं अडकलं तर?"

"मग सरळ सांगायचं होतं, खोली घे म्हणून!"

"साऱ्या गावाला थेटर सांगून बसलो. आता कुठल्या तोंडाने सांगणार?" त्यांनी माझ्या हातातली टोपी घेतली आणि डोक्यावर ओढली. ती अजून गरम असणार. "तुमी दोघी भितीआड बडबडत नाय, तर मला दुपारची झोप लागत नाय."

पडद्यावर बुधीचं गाणं संपलं होतं आणि मी पुन्हा हसत होते. मला रडू आलं ते मी खोळीलाच पुसलं.

सोमवारी सोफा पडवीत गेला. बुधी आली, आम्ही पोती ओढून आत घेतली, ढीग केला आणि पहिली साल फोडायच्या आत भिंतीपलीकडून ह्यांचं घोरणं सुरू झालं.